जीर्णोद्धार कशाला म्हणावे?

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥

संतसज्जनहो, या महिन्याच्या पाठासाठी जीर्णोद्धार हा शब्द घेतला आहे. गावोगावच्या वर्गणीच्या पावतीवर तो छापलेला असतो, म्हणून सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु ओळखीच्या शब्दाचा अर्थच बहुधा पाहायचा राहून जातो. जॄ म्हणजे वयाने झिजणे, या धातूपासून जीर्ण हे रूप होते. उद् म्हणजे वर, आणि त्याच्या पुढे हृ धातू येऊन उद्धार होतो. जे झिजले, खचले, खाली बसले, त्याला हात देऊन वर काढणे, हा जीर्णोद्धार. खाली बसलेल्या म्हाताऱ्याला आपण हात देऊन उठवतो. त्याला उचलून गावाबाहेर ठेवला आणि त्याच्या जागी नवा तरुण आणून बसवला, तर त्याला कोणी म्हाताऱ्याची सेवा म्हणेल का? तद्वतच जुने पाडून नवे बांधणे याला नवनिर्माण म्हणावे. तेही वाईट नाही, पण त्याला जीर्णोद्धार म्हणू नये. अग्निपुराणासारख्या ग्रंथात जीर्णोद्धाराचे प्रकरणच स्वतंत्र दिले आहे, यावरून पूर्वसूरींनी या कर्माला केवढे गौरव दिले होते ते ध्यानात यावे.

हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत जीर्ण झालेले आणि होत असलेले धन फार आहे, आणि अलीकडे पाऊस व ऊन यांचे मानच पालटल्यामुळे ते पूर्वीपेक्षा लवकर जीर्ण होऊ लागले आहे. तेव्हा काय सांभाळावे, का सांभाळावे आणि कसे सांभाळावे, असे पाठाचे तीन भाग करू.

पूर्वपक्ष

प्रथम शंका अशी निघते की, वारकऱ्याला दगडाशी आणि कागदाशी काय कर्तव्य? देह नाशवंत, जग नाशवंत, मग एखादा शिलालेख पुसला किंवा एखादी पोथी वाळवीने खाल्ली तर त्यात हळहळण्यासारखे काय आहे? नाम शाश्वत आहे, ते घ्यावे आणि स्वस्थ असावे. ही शंका वरवर पाहता वैराग्याची दिसते. कीर्तनाच्या फडावर हे म्हणणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत.

याचे उत्तर आपल्या संतांच्या आचरणातच आहे. श्रीज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे दोनशे-अडीचशे वर्षांत नकलणाऱ्यांच्या हातून, ऐकणाऱ्यांच्या चुकीतून आणि पदरच्या ओव्या घालणाऱ्यांच्या हौसेतून पाठ बिघडला. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, श्रीएकनाथ महाराजांनी प्रती जमवून पाठशुद्धी केली. आता विचार करा. नाथ महाराज स्वतः समर्थ ग्रंथकार. त्यांना नवा ग्रंथ लिहिता आला नसता काय? लिहिलाच की, भागवतावर लिहिला. पण माउलींचा ग्रंथ त्यांनी माउलींचाच ठेवला, त्यात आपली ओवी मिसळू दिली नाही, उलट मिसळणाराला बजावले. जीर्णोद्धाराचा याहून चोख दाखला मला तरी ठाऊक नाही. वैराग्य आपल्या संग्रहाविषयी असावे. दुसऱ्याने विश्वासाने हवाली केलेल्या ठेवीविषयी वैराग्य दाखवणे याला बेजबाबदारी म्हणतात.

श्रीतुकाराम महाराजांच्या वह्यांची कथा तर बालगोपाळांना पाठ आहे. इंद्रायणीने तेरा दिवसांनी वह्या परत दिल्या, ही आपली श्रद्धा. त्या श्रद्धेला बाध न आणता एवढे पाहावे की, ते अभंग संताजी जगनाडे यांच्यासारख्यांनी लिहून ठेवले होते आणि लोकांच्या कंठात होते. पुढे १८६९ मध्ये मुंबईस इंदुप्रकाश छापखान्यातून पंडितद्वयांनी गाथा छापली, तेव्हा देहू, कडूस, तळेगाव आणि पंढरपूर येथल्या जुन्या प्रती मिळवून पाठ ताडून पाहिला. ज्या ज्या घराने ती वही दोनशे वर्षे पावसापासून, उंदरापासून आणि भाऊबंदकीपासून राखली, त्या घराचे ऋण आपण रोज हरिपाठानंतर गाथा उघडतो तेव्हा घेत असतो. देवाने पाण्यातून वही काढली हे खरे, पण तिला त्यानंतर पुन्हा पाण्यात पडू न देण्याचे काम त्याने माणसांवर सोपवले. हाच सिद्धांत.

आपल्या प्रांतातील धन

आता काय सांभाळावे ते पाहू. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. कोकणातून कल्याण-सोपाऱ्याचा माल घाटमाथ्यावर यायचा तो या वाटेने. घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेले एक दालन आहे, आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाशी तो जोडला जातो. विद्वान तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. अश्वमेध, राजसूय, गवामयन अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांच्या दक्षिणेची यादी त्यात आहे. भारतातल्या जुन्यांत जुन्या अंकांचा अभ्यास करणाऱ्यांना हा लेख टाळून चालत नाही.

पण माझ्या वारकरी वाचकाने लक्ष द्यावे ते आरंभीच्या नमनाकडे. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल, यांना तेथे नमन केले आहे. वासुदेव आणि संकर्षण! म्हणजे ज्या कृष्णाला आपण विटेवर उभा पाहतो, त्याचे आणि त्याच्या थोरल्या भावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच जुन्नरच्या घाटात कोणी तरी छिन्नीने कोरून ठेवले. पंढरीची वाट चालणाऱ्याला याहून जवळचा शिलालेख कोणता? त्याच दालनात मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. वर नावे आहेत, खाली पायांच्या खुणा आहेत, मधल्या मूर्ती गेल्या. राजाचे शरीर दगडात करूनही राहिले नाही, नाव तेवढे उरले. नाममाहात्म्य सांगायला याच्याइतका चांगला दृष्टांत शोधून सापडणार नाही. मात्र ते नाव आज झिजत आहे, हेही त्याच भिंतीवर दिसते.

नाणेघाटाखेरीज जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत लेणी इतकी आहेत की, सर्व खोदकामे मोजली तर संख्या दोनशेच्या वर जाते. गणेशलेणे म्हणून आपण ज्याला वंदन करतो ते लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा लेणी. तुळजा लेण्यातले चैत्यगृह गोलाकार असून आत बारा खांबांचे कडे आहे, अशी रचना क्वचितच आढळते. कुकडीच्या उगमाशी पूर येथे कुकडेश्वराचे आणि खिरेश्वर येथे नागेश्वराचे कोरीव मंदिर आहे. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वर, आणि तेथेच तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. आळे येथे, ज्याच्या मुखातून माउलींनी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी. म्हणजे ज्ञानोबांचा धागा आणि तुकोबांचा धागा, दोन्ही या एका तालुक्यात आहेत. कुकडीकाठी बोरी बुद्रुक येथे तर नदीच्या थरांत दूरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगातील माणसाची दगडी हत्यारे सापडली. राखेच्या वयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण हवामान एकाएकी पालटले तर काय होते याची नोंद पृथ्वीने आपल्याच शिवारात लिहून ठेवली आहे, एवढे कळायला पुरे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. जुन्नर हे हातकागदाचे गाव होते. जुन्नरी कागद म्हणून त्याची ख्याती होती. येथले कागदी लोक मुसलमान, आणि त्यांच्या कागदावर लिहिले जायचे दप्तर, पत्रे आणि पुराणेही. एकाने लगदा कुटला, दुसऱ्याने त्यावर हरिनाम लिहिले. तुमच्या घरच्या देव्हाऱ्यामागच्या फडक्यातली पोथी कदाचित याच मातीतल्या कागदाची असेल, म्हणून ती रद्दीत घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

कालमान पालटले ते कसे

पूर्वीही पाऊस पडत होता, पूर्वीही पोथ्या भिजत होत्या, मग आताच एवढी चिंता का? असे कोणी विचारील. याचे उत्तर नीट समजून घ्या. हवा तापली की ती अधिक बाष्प धरून ठेवते. उष्णता एक अंशाने वाढली तर सुमारे सात टक्के अधिक, असे शास्त्र सांगते. ते बाष्प सुटते तेव्हा थोड्या वेळात फार सुटते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी इतरांसह २०१७ मध्ये जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे दाखवले आहे. पाऊस तेवढाच, पण संथ सतरा दिवसांऐवजी दोन दिवसांत आला, तर छपराला, भिंतीला आणि डोंगराला तो सोसत नाही.

आंबेगाव तालुक्याला हे पुस्तकातून शिकायला नको. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीने माळीण गावावर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसे गेली. माणसांपुढे वस्तूंची गोष्ट बोलू नये हे मला कळते. परंतु ज्या घरांत माणसे गेली त्याच घरांत देव्हारे होते, टाक होते, जाती होती, आणि जात्यावरच्या ओव्या ज्यांना मुखोद्गत अशा म्हाताऱ्या होत्या. गाव पुन्हा वसवता आले, पण एका सकाळी मुकी झालेली ती आठवण पुन्हा कोठून आणायची? त्याच तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, त्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याला नाव उरले आणि कचेरी घोडेगावी. धरणाने शेतांना पाणी दिले, त्याची निंदा करायची नाही. एवढेच सांगायचे की, गावाचे स्थान जाऊ शकते. जाण्याआधी त्याची नोंद झाली असेल तर गाव अर्धे तरी वाचते.

आता पाणी दगडाला काय करते ते पाहा. आपला कातळ थराथराचा आहे. दोन थरांच्या मध्ये जागोजाग तांबड्या मातीचा पट्टा असतो. वरून फटीफटीने झिरपलेले पाणी त्या पट्ट्याशी अडते आणि लेण्याच्या छतातून किंवा भिंतीतून बाहेर येते. येताना क्षार विरघळवून आणते. ऊन पडले की पाणी उडते, क्षाराचे खडे दगडाच्या पोटात राहतात, आणि प्रत्येक वेळी फुगून एकेक पापुद्रा काढतात. भिजणे-वाळणे, तापणे-निवणे हे जितक्या वेळा, तितकी झीज. वर शेवाळ धरते, पिंपळाचे बी रुजते, त्याचे मूळ पाचरीचे काम करते. प्राचीन खोदणारांना हे ठाऊक होते. त्यांनी लेण्यांजवळ पाण्याची टाकी कोरली, आणि ती कोरवून देणाऱ्यांच्या दानाचे लेख येथे आहेत. प्राकृतात त्या टाक्याला पोढी म्हणत. पाण्याला वाट आणि पाण्याला घर, ही दोन दिली की पाणी सेवक होते. नाही दिली की तेच धनी होते.

कागदाचे कसे, ते टाळकऱ्याला एका दृष्टांताने समजेल. पावसाळ्यात पखवाज उतरतो की नाही? कातडे हवेतला ओलावा पिते, सैल पडते, मग मृदंगाचार्य हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसतात. उन्हाळ्यात तोच पखवाज चढतो. कागद, लाकूड, कापड यांचेही अगदी असेच, फक्त त्यांचा सूर आपल्याला ऐकू येत नाही. ओलावा पिऊन ती फुगतात, सुकून आकसतात, आणि वर्षानुवर्षे असे होऊन तुटतात. हवेतली आर्द्रता बराच काळ शेकडा पासष्टच्या वर राहिली की बुरशी धरते, मागोमाग कसर आणि वाळवी. घाटमाथ्याकडच्या गावांत पावसाचे चार महिने ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

उलटा जीर्णोद्धार

हे झाले दैवी संकट. आता मानवी संकट बोलतो, कोणाला लागले तर क्षमा असावी. पैसा आला की गावाला देवळाची आठवण होते, ही चांगली गोष्ट. पण मग काय होते? काळ्या दगडाच्या खांबांना तैलरंग फासतात, गाभाऱ्याला स्नानगृहाच्या फरशा लावतात, चुन्याचे सांधे उकरून सिमेंट भरतात. दिसायला चकचकीत. परंतु जुनी भिंत श्वास घेते. तिच्यात शिरलेले पाणी चुन्याच्या सांध्यातून वाफ होऊन बाहेर पडते. वर रंगाचा आणि सिमेंटचा पडदा आला की पाणी आत कोंडते आणि दगडच सोलू लागतो. पाऊस वाढलेल्या दिवसांत तर हे अधिकच घातक. कोरीव नक्षीवर वाळूचा झोत मारून रंग काढणे हे त्याहून वाईट. रंगाबरोबर नाकडोळेही जातात.

आपल्या पूर्वजांची सामग्री काय होती? चुना, वाळू, गूळ, बेलफळ आणि हिरडा. हिरडा म्हटल्यावर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी बांधवांना हसू येईल, कारण तो गोळा करण्यात त्यांचे उन्हाळे जातात. ज्या डोंगराने देऊळ दिले त्याच डोंगराने त्याचे औषधही दिले आहे, फक्त आपण ते बाजारात विकतो आणि बाजारातून सिमेंट आणतो. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत वज्रलेपाचा अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कवठ, शेवरीची फुले वगैरे द्रव्ये पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायची आणि त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, बेल इत्यादींचा कल्क घालायचा, असा विधी तेथे दिला आहे. तो वाचून घरी काढा करावा असे मी मुळीच सुचवत नाही. एवढेच दाखवायचे की, दगडाचीही शुश्रूषा करावी लागते, आणि ती ज्याची विद्या त्यानेच करावी, ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. ज्वर आल्यावर आपण वैद्याकडे जातो, गवंड्याकडे जात नाही.

याचे ताजे उदाहरण प्रत्यक्ष पंढरपूरचे आहे. २०२४ मध्ये श्रीविठ्ठल मंदिराच्या संवर्धनाचे काम निघाले. १५ मार्चपासून चरणस्पर्श बंद होता, दुरून मुखदर्शन मिळे. २ जूनला चरणस्पर्श पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात पुष्कळांच्या जिवाची घालमेल झाली. परंतु मंदिराला मागाहून चिकटलेले काढून मूळ दगडी रूप उजेडात आणावे, हा त्या कामाचा हेतू होता. भर घालणे सोपे असते, मागाहून आलेले काढणे अवघड. साधनेतही असेच नाही का? उपाधी कमी करत गेले की स्वरूप आपोआप दिसते.

आता कर्तव्य

पाठ ऐकून उठताना हाती काही तरी असावे, म्हणून दिंड्यांनी, भजनी मंडळांनी आणि देवळाच्या पंचांनी करावयाच्या गोष्टी क्रमाने लिहितो.

१. मृग निघण्यापूर्वी देवळाच्या छतावरील गवत, पाला व माती काढावी, पन्हळी मोकळ्या कराव्यात, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू देऊ नये. शिखरावरचे रोप कोवळे असतानाच जाणत्याच्या हातून काढवावे. मूळ जाड झाल्यावर ओढले तर दगड सुटून येतो. वर्षातून एकदा अर्धा दिवस श्रमदान केले तर लाखाचा खर्च वाचतो.

२. लेण्याद्री, शिवनेरी यांसारखी स्थाने केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. तेथे, किंवा नाणेघाटासारख्या लेखाच्या ठिकाणी, स्वतः काहीही करू नये. अक्षरावर पाणी, तेल, खडू, कुंकू लावू नये, बोट फिरवू नये. कोणी नाव कोरताना दिसला तर गोड शब्दांत हात धरावा. वासुदेवाच्या नावाशेजारी आपले नाव कोरणे हा अहंकाराचा कळस होय.

३. गावातले देऊळ संरक्षित नसेल तर जबाबदारी गावाचीच. काम काढण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, दगडांना क्रमांक द्यावेत, आणि पुरातत्त्व खात्याच्या किंवा या विषयातील जाणकाराच्या सल्ल्याशिवाय एकही चिरा हलवू नये. पाया खणताना मूर्ती, नाणी, ताम्रपट सापडल्यास लपवू नये, तहसील कचेरीत कळवावे. भूमिगत धनाचा कायदा १८७८ पासून आहे. ताम्रपट चिंचेने घासून लख्ख करू नये, घासण्यात अक्षर जाते.

४. पोथी भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये. लाकडी फळ्यांत, धुतलेल्या सुती फडक्यात बांधून, भिंतीपासून चार बोटे दूर, वाऱ्याच्या जागी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. वेखंड व कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्याबाहेर ठेवावा, पानांत घालू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास आभाळ निवळले की पोथ्या सोडून सावलीत वारा द्यावा. कडक उन्हात पसरू नयेत.

५. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे किंवा पान दोन प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत भाजून घेणे, हे म्हणजे जखमेवर डांबर ओतणे होय. ते पुन्हा निघत नाही. जे निघू शकते, असेच उपाय कागदावर करावेत.

६. पोथी भिजलीच तर घाई करू नये, पण उशीरही करू नये. सुमारे अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते. जुनी शाई बहुधा काजळी आणि डिंक यांची. काजळी शेकडो वर्षे फिकट होत नाही, पण डिंक पाण्यात सुटतो. म्हणून अक्षर पुसू नये, पाने ओढून वेगळी करू नयेत. खाली फळी सरकवून पोथी उचलावी, वरखाली टीपकागद किंवा कोरा पांढरा कागद घालून तो बदलत राहावा, आणि सावलीत पंख्याचा मंद वारा द्यावा. पोथ्या फार असतील आणि हात थोडे, तर स्वच्छ पिशवीत घालून शीतपेटीत गोठवाव्यात. त्याने बुरशी थांबते आणि जाणकारापर्यंत नेण्यास अवधी मिळतो.

जुन्या लेखकूंची रीत होती, की नक्कल पुरी झाल्यावर शेवटी ग्रंथाच्या मुखाने विनंती लिहायची: तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, ढिल्या बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. वरचे सहा नियम त्या विनंतीचाच विस्तार आहेत.

वस्तुसंग्रहालयाविषयी

पोथी घरात राखणे झेपत नसेल तर काय करावे? येथे पुष्कळांचे मन अडते. वस्तुसंग्रहालय म्हणजे मेलेल्या वस्तूंची वखार, तेथे देवाला नैवेद्य नाही, असे म्हणतात. यात अर्धे खरे आहे. पूजेतली मूर्ती देवळातच शोभते. परंतु फुटलेली, पूजेतून काढलेली मूर्ती पिंपळाच्या पारावर पावसात टाकण्यापेक्षा छपराखाली नेली तर काय बिघडले? पुण्यास दिनकर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ दिवे, भांडी, अडकित्ते, वाद्ये असा घरगुती संसार जमवला आणि पुढे तो सरकारच्या हवाली केला. पुत्रशोकाचे असे दान झाले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर संस्था १९१७ पासून कागदपत्रे व पोथ्या राखत आहेत. भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली. केंद्र सरकारनेही हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय मोहीम काढली आणि २०२५ मध्ये ज्ञानभारतम् या नावाने तिला नवे रूप दिले. मूळ प्रत द्यायची नसेल तर निदान तिची छायाप्रत काढू द्यावी. पोथी तुमचीच राहते, नाश झाला तरी पाठ राहतो.

मात्र संग्रहालयालाही पाणी सोडत नाही, हे विसरू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, ते आमच्या पिढीने बालपणापासून थोरांच्या तोंडून ऐकले. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी चढली आणि तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो पुस्तके चिखलात गेली. तेव्हा देशोदेशींची तरुण पोरे तेथे जमली, माणसांची साखळी करून त्यांनी हातोहात पुस्तके वर काढली. लोकांनी त्यांना चिखलातले देवदूत म्हटले. मंडळी, हातोहात पुढे देणे म्हणजे काय, हे वारीत चालणाऱ्याला शिकवावे लागेल काय? आपली दिंडी म्हणजे साखळीच आहे. उद्या ओतूरला मांडवी चढली, तर मूर्ती, वीणा, पोथी, वह्या यांतले आधी काय उचलायचे, कोणी उचलायचे आणि कोणाच्या माडीवर ठेवायचे, एवढे आजच ठरवून एका कागदावर लिहून देवळात लावावे. याला काही खर्च नाही.

कंठातला ठेवा

शेवटी सर्वांत नाजूक ठेव. ती ना दगडात, ना कागदात. फडाफडाच्या चाली, काकड्याचे पाठ, गावच्या जत्रेचे मान कोणाचे आणि का, पावसाचे जुने आडाखे, आणि बायांच्या ओव्या. गी पोइतेव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या न जमवत्या तर जाते थांबल्यावर त्या कोठे ऐकू आल्या असत्या? आज प्रत्येक तरुणाच्या खिशात आवाज धरून ठेवणारे यंत्र आहे. सप्ताहाच्या आठ दिवसांत रोज एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, नाव, गाव, तारीख सांगून त्याची चाल, तिची ओवी नोंदवून घ्यावी आणि दोन ठिकाणी ठेवावी. आणि नोंदवून थांबू नये, शिकावी. यंत्रात राहिलेली चाल म्हणजे पेटीतला टाळ.

सार

म्हणून पाठाचे सार असे. जीर्णोद्धार म्हणजे नवे करणे नव्हे, जुन्याला त्याच्या मूळ रूपात उभे राहण्यास हात देणे. ठेव ज्याची त्याला अखंड परत करावयाची असते, आणि या ठेवीचे मालक आपल्यानंतर जन्माला येणार आहेत. नाणेघाटात वासुदेवाबरोबर वरुणालाही नमन केले आहे. पाऊस हा शत्रू नाही, तो लोकपाल आहे, परंतु त्याची मर्जी आता पालटली आहे हे ओळखून आपण वागावे. दगडाला पन्हळ, कागदाला वारा आणि अभंगाला कंठ, ही तीन दाने जो देईल तो जीर्णोद्धार करणारा, मग त्याच्या नावाची फरशी देवळात लागो वा न लागो.

पुढील एकादशीस आपल्या मंडळात हा पाठ वाचावा आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न एकमेकांस विचारावा: आपल्या गावात सर्वांत जुने काय आहे, आणि यंदाच्या पावसात ते कोठे गळते?

रामकृष्ण हरि.